चौथा सोबती

१

गिरीश कारखानीस शनिवारी संध्याकाळी सहाला कड्याखाली मेलेले सापडले, आणि रविवारी नाश्त्याच्या बशा उचलेपर्यंत सगळ्यांनी ठरवूनही टाकलं, की दोष कुशलचा.

तोंडाने कुणी काही म्हणालं नाही. पण मिसेस टायसनच्या गेस्टहाउसमधल्या त्या लांब टेबलाशी कुशलच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या, आणि लीलावती बर्व्यांना तेवढं पुरे झालं. मँचेस्टरच्या इस्पितळात तीस वर्षं त्यांनी पॅथॉलॉजी केली होती. काचपट्टीवर काय दिसतंय त्याच्या आधी काय दिसायला हवं होतं आणि दिसत नाही, ते बघायचं, ही त्यांची जुनी खोड. त्यांनी आपला चहाचा कप उचलला आणि त्या कुशलशेजारी जाऊन बसल्या. कुशल त्यांच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. ब्रॅकनेलला आयटीत, वर्क व्हिसावर; गिरीशच्या मुलीशी, वरदाशी, त्याचं लग्न ठरलं होतं. बहीण जाऊन सहा वर्षं झाली होती. या देशात त्याला मावशी होती आणि शहात्तर वर्षांच्या मावशीला तो होता.

स्केलबेक हे डोंगराच्या कुशीतलं चाळीस घरांचं गाव. एक चर्च, एक कॅफे, गिर्यारोहणाच्या सामानाचं एक दुकान, आणि डोक्यावर एप्रिलपर्यंत बर्फ धरून बसणारा ग्रेहोप. १९७९ सालापासून दर ईस्टरला मंडळी इथे येत होती. तेव्हा चार डॉक्टर जोडपी होती. बायका साडीवर डफल कोट आणि पायांत गमबूट घालून बर्फ तुडवायच्या, आणि आत्ताच्या टायसनबाईंच्या सासूबाई दारात उभ्या राहून हसायच्या. आता उरले होते किती? लीलाताई विधवा, स्वानंद गद्रे विधुर, आणि एकच काय ते धडधाकट जोडपं, गिरीश आणि अलका. कालपर्यंत.

कुशलने पोलिसांना सांगितलेली हकीकत साधी होती. शनिवारी सकाळी साडेसातला गिरीशकाका आणि तो, दोघं ग्रेहोप चढायला निघाले. निम्म्यावर, पडक्या मेंढवाड्यापाशी काका म्हणाले, मी परततो, तू जा पुढे. तो पुढे गेला, पलीकडच्या वाटेने उतरून दोन वाजता गेस्टहाउसवर आला. काका पोचलेच नव्हते. मधल्या वेळात ढग खाली आले होते, वर बर्फ भुरभुरून गेलं होतं. एकाहत्तर वर्षांचा माणूस वाट चुकला आणि घसरला.

"रूल नंबर वन आहे तो," गिरीशचा मुलगा अंशुमन भिंतीकडे बघत म्हणाला. "यू डोन्ट स्प्लिट द पार्टी. शाळेतल्या पोरांना पण माहीत असतो."

कुशल टोस्टचे तुकडे करत राहिला. खाल्ला एकही नाही.

दहा वाजता कॉन्स्टेबल बेल आली. तरुण, नाक लाल झालेली, बिचारी दर वाक्याला सॉरी म्हणणारी मुलगी. दुपारी दोनला कुशलचा जबाब टाइप करून आणेन, त्याने सही करायची, मग तो कोरोनरकडे, म्हणजे आकस्मिक मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याकडे जाईल, असं तिने सांगितलं. आणि मयताच्या अंगावरच्या वस्तू कुणीतरी यादीशी ताडून घ्यायच्या होत्या.

"लीला, तूच बघ गं," अलका पदर तोंडाला लावून म्हणाली. "माझ्याने नाही बघवत."

घड्याळ. चष्मा. शिट्टी. थर्मास. नवा निळा अनोरॅक, म्हणजे टोपीवालं जाकीट. यादीतल्या शेवटच्या ओळीवर कॉन्स्टेबलने प्रश्नचिन्ह काढलं होतं: अनोरॅकच्या छातीच्या खिशातून, एक जायफळ?

लीलाताईंनी पिशवी उजेडात धरली. जायफळ नव्हतं ते. सुपारी होती, आणि तिच्या खाचांत वाळलेली हळद होती.

२

"मसाल्याचं आहे का काही?" कॉन्स्टेबलने विचारलं.

"तसलंच," लीलाताई म्हणाल्या आणि त्यांनी सही केली.

त्या अंगणात जाऊन बाकावर बसल्या. समोर ग्रेहोप लख्ख उघडा पडला होता, काही झालंच नाही असा.

एक्क्याऐंशी साल. याच दारातून गिरीश, स्वानंद आणि लीलाताईंचे ज्ञानेश्वर, तिघं वर निघाले होते. अलका तेव्हा सव्वीस वर्षांची. "तिघंच? अगंबाई, तीन तिघाडा, काम बिघाडा!" म्हणत ती आत पळाली, प्रवासातल्या देवांच्या डबीतून हळद लावलेली सुपारी आणली आणि नवऱ्याच्या खिशात घातली. "हा तुमचा चौथा सोबती. आता जा." गिरीशने ती काढून स्वानंदकडे फेकली होती. "मी हाडांचा सर्जन आहे, भटजी नाही!" त्या दिवसापासून अलका काही बोलायची नाही. दारात नवऱ्याच्या जाकिटाची चेन लावून देताना गुपचूप खिशात सुपारी सरकवायची. फक्त तिघं असतील तेव्हा. दोघं असले की नाही, चौघं असले की नाही. ज्ञानेश्वर म्हणायचे, अलकावहिनी हिशेबाच्या पक्क्या.

मग ही जुनी राहून गेलेली सुपारी होती का? लीलाताईंनी स्वतःलाच विचारलं. छे. तो निळा अनोरॅक शुक्रवारी संध्याकाळी दुकानातून घेतलेला. रंग पसंत करायला त्या स्वतः बरोबर होत्या. शनिवारी सकाळी तो पहिल्यांदा अंगात गेला.

म्हणजे शनिवारी या उंबऱ्यातून दोघं निघाले नव्हते. तिघं निघाले होते. आणि लीलाताई तेव्हा सर्दीची गोळी घेऊन गाढ झोपल्या होत्या.

३

कुशल मागच्या भिंतीशी उभा राहून फोनवर पुण्याची तिकिटं बघत होता.

"परत चाललास?"

"सही झाली की. इथे कोण राहू देतंय मला, मावशी? मँचेस्टरच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर वाचलंस का? नावं नाहीत घेतलेली. पण हल्लीच्या मुलांना जबाबदारी म्हणजे काय, वगैरे सुरू आहे सगळं."

"कुशल, काल तुमच्याबरोबर तिसरं कोण होतं?"

त्याचा अंगठा स्क्रीनवर थांबला. "कोणी नाही. दोघंच होतो."

"माझ्याकडे बघून सांग."

त्याने बघितलं नाही. "मावशी, तुला काय कळलंय मला माहीत नाही. पण प्लीज. आईची शपथ आहे तुला, हा विषय काढू नकोस."

"आईला मध्ये आणू नकोस. तिने तुला माझ्या हवाली केलंय." लीलाताई खालच्या आवाजात म्हणाल्या. "कोरोनरकडे जाणारा कागद आहे तो. त्यावर जाणूनबुजून खोटं लिहून दिलं तर गुन्हा होतो. व्हिसावरच्या माणसाने असला गुन्हा केला तर त्याचं काय होतं, ते तुला माहितीय."

"माहितीय," कुशल म्हणाला. "म्हणून तर तिकीट बघतोय."

४

स्वानंद गद्रे बैठकीच्या खोलीत पेपर उघडून बसले होते. एकच पान, पहाटेपासून.

"स्वानंद, काल सकाळी कुठे होता तुम्ही?"

"इथेच की! गुडघ्याला बाम चोळत."

"मी नवाला खाली आले तेव्हा इथे कुणी नव्हतं. तुमची काठीही नव्हती."

स्वानंदांच्या मानेपर्यंत लाली चढली. मंडळाचे ते अध्यक्ष; पत्नी गेल्यापासून शुद्ध शाकाहारी, आणि गणपतीत त्यावर भाषण देणारे.

"लीलाताई, बाहेर बोलणार नसाल तर सांगतो. कॅफेत होतो. आठ ते दहा."

"दोन तास चहा पीत होता?"

"बेकन बटी," ते पुटपुटले. "दोन."

लीलाताईंना त्या दिवसात प्रथमच हसू आलं आणि लगेच त्याची लाज वाटली. कॅफेतल्या बाईला विचारायला पाच मिनिटं लागली. तिने बेकन घातलेल्या दोन्ही पावांची ब्राउन सॉससकट साक्ष दिली.

अंशुमन जिन्यात भेटला. नॉटिंगहॅमला जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, चाळिशीचा, बापासारखाच रुंद खांद्यांचा. आदल्या दिवशी दहापर्यंत झोपलो होतो, असं त्याने विचारायच्या आत सांगितलं. मग खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली.

"काकू, बरं झालं भेटलात. हे तुमच्या नेफ्यूला द्या. वरदाची एंगेजमेंट रिंग. ती स्वतः येणार नाही."

"वरदाने दिली?"

"आईने तिच्याकडून घेतली. ऑब्व्हियसली! ज्याने बाबांना वर सोडलं त्याच्याशी लग्न करेल ती?" त्याचा आवाज फाटला. "बाबा त्याला पहिल्यापासून ओळखून होते. मीच म्हणत होतो, गिव्ह हिम अ चान्स."

हा मुलगा खोटं बोलत नाही, लीलाताईंना वाटलं. याला खरंच काही माहीत नाही. पुरचुंडी त्यांच्या तळहातावर निखाऱ्यासारखी बसली होती.

५

खोलीत जाऊन त्यांनी दार लावलं आणि पलंगाच्या काठावर बसून नीट विचार केला. काय दिसायला हवं होतं आणि दिसत नाही?

अलकाचं बोलणं दिसत नव्हतं.

सुपारी अलकाने घातली, म्हणजे तिसरं माणूस कोण ते अलकाला ठाऊक होतं. समजा ते माणूस ऐनवेळी गेलंच नाही, तर अलका पहिल्याच दमात पोलिसांना म्हणाली असती, अमकाही जाणार होता, मग राहिला. समजा गावातला कुणी परका गेला असता, तर तिने त्याच्या नावाने हंबरडा फोडला असता. स्वानंद गेले असते तरी तेच. त्यांना वाचवायला ती नवऱ्याच्या मरणावर खोटं बोलली नसती. काल संध्याकाळी कॉन्स्टेबलने विचारलं, तेव्हा लीलाताई शेजारीच होत्या. अलका म्हणाली होती, "दोघंच गेले. हे आणि कुशल."

अलका गप्प बसेल ती फक्त पोटच्या पोरांसाठी. अंशुमन किंवा वरदा.

आणि कुशल? अंशुमनसाठी तो स्वतःचं नाव मातीत घालेल? ज्याने आत्ता त्याची अंगठी परत केली त्याच्यासाठी? ज्याच्यासाठी कुशल गप्प बसेल असं या घरात एकच माणूस होतं.

दोघांच्या गप्प बसण्यात सामाईक नाव एकच उरत होतं. लीलाताईंना ते सुपारी बघताच कळलं होतं बहुतेक. मन मानत नव्हतं. वरदाला त्यांनी न्हाऊ घातलं होतं.

तरीही खात्री करायची म्हणून त्या खाली बूट वाळवायच्या खोलीत गेल्या. टायसनबाई ओल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबत होत्या.

"तुमच्या त्या मुलीचे हे," त्या करवादल्या. "काल दोनदा पेपर बदलला, तरी बर्फाचं पाणी निघतंय. तळ्याकाठी फिरायला गेले होते म्हणे! तळ्याकाठी घोट्याएवढीही ओल नाही."

६

अलका खिडकीपाशी बसली होती. लीलाताईंनी अंगठीची पुरचुंडी तिच्यासमोर टेबलावर ठेवली.

"काल सकाळी सुपारी का घातलीस गं?"

अलकाने मान वळवली नाही. "कसली सुपारी?"

"यादीवर मला सही करायला लावलीस तिथे चुकलीस. स्वतः बघितलं असतंस तर जायफळच आहे म्हणून सोडून देता आलं असतं."

अलकाने पुरचुंडी हाताने बाजूला सारली.

"सवयीने घातली," अलका शेवटी म्हणाली. "मरायला निघालेत हे कुणाला ठाऊक होतं? पोरगी दोनला परत आली ती थेट माझ्या मांडीवर पडली. म्हणाली, आई, बाबांशी भांडले, त्यांना म्हटलं एकटे जा. तेव्हा वाटलं, येतील रुसून. मग ते आलेच नाहीत. कुशल स्वतःहून म्हणाला, लीला. मी नाही सांगितलं त्याला. तो म्हणाला, वरदा आमच्याबरोबर नव्हती, मी असंच सांगतो."

"आणि तू सांगू दिलंस."

"एक मुलगी आहे मला. बापाला डोंगरावर टाकून आली, असं लोकांनी जन्मभर म्हणायचं तिला?"

"कुशलला म्हणायचं?"

"तो जाईल पुण्याला. चार वर्षांत कोण लक्षात ठेवतंय."

"ही अंगठीसुद्धा तूच काढून घेतलीस. तिच्यासाठी त्याने एवढं केलं, आणि त्याच्या हातावर हे?"

"मग काय करू?" अलका पहिल्यांदा वळली. डोळे कोरडे होते. "यांना सोडून आलेल्यालाच मुलगी दिली, असं नाही म्हणणार लोक? एकदा त्याने सोडलं म्हटल्यावर पुढचं सगळं त्याला धरूनच व्हायला हवं."

"त्याची आई जिवंत असती तर केलं असतंस तू हे?"

"नाहीये ना ती," अलका म्हणाली.

लीलाताईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

"दोन वाजायच्या आत तू बोल, अलका. नाहीतर मी बोलेन."

"ज्ञानेश्वर शेवटी अंथरुणाला खिळले तेव्हा सहा आठवडे तुमच्याकडे डबा कुणी आणला?"

"तू."

"रोज. बर्फात. बस बदलून."

"रोज," लीलाताई म्हणाल्या. "विसरता आलं असतं तर मला हे किती सोपं गेलं असतं."

७

दोन वाजता बैठकीच्या खोलीत सगळे जमले. कॉन्स्टेबलने कागद कुशलपुढे ठेवला. वरदा दाराजवळ उभी होती, एकतीस वर्षांची, पण बाह्या पंजांवर ओढून लहान मुलीसारखी. लीलाताईंनी अलकाकडे बघितलं. अलकाने मांडीवरची शाल सारखी केली.

कुशलने पेन उचललं.

"थांब," लीलाताई म्हणाल्या. मग इंग्रजीत, सावकाश, विद्यार्थ्यांना सांगावं तसं त्यांनी कॉन्स्टेबलला सांगितलं, की यादीतलं ते जायफळ म्हणजे काय, ते कोण घालतं, आणि किती माणसं निघाली की घालतं.

"मावशी!" कुशल ओरडला.

"मी होते तिथे." वरदाचा आवाज इतका बारीक होता, की कॉन्स्टेबलने परत विचारलं. "आय वॉज देअर. बाबा कुशलच्या तोंडावर म्हणाले, हा व्हिसासाठी तुझ्यामागे लागलाय. मला खूप राग आली. मी म्हटलं, देन गो डाउन बाय युअरसेल्फ." इंग्लंडात वाढलेल्या तिच्या मोडक्या मराठीत ती बोलत होती, आणि कुशलकडे बघत नव्हती. "कुशलने सही नको करायला. तो दोनदा मागे वळला. म्हणाला, काकांबरोबर जातो, ढग येतायत. मी त्याचा हात ओढली. मी म्हटलं, लेट हिम वॉक. त्याचा काही चूक नाही."

अंशुमन उठला. बहिणीसमोरून, आईसमोरून, कुशलसमोरून तो सरळ दाराबाहेर गेला. खिडकीतून दिसलं, अंगणातल्या बाकापर्यंत जाऊन तो बसला, आणि मग त्याचे खांदे हलायला लागले. स्वानंदांनी पेपर घडी करून बाजूला ठेवला आणि ते काठी न घेताच त्याच्यामागे गेले.

कॉन्स्टेबल बेलने टाइप केलेला कागद परत फाइलमध्ये घातला आणि नवा कोरा काढला. "सॉरी," ती म्हणाली. "पहिल्यापासून सुरू करू या."

अलका लीलाताईंकडे बघत होती. पंचेचाळीस वर्षांत असं तिने कधी बघितलं नव्हतं. गाडीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईकडे बघतात तसं.

८

मँचेस्टरपर्यंत गाडी कुशल चालवत होता. दोन्ही जबाब नव्याने झाले होते. कॉन्स्टेबलने बाहेर सोडताना त्याच्या दंडावर थोपटून, घाबरू नकोस, तू स्वतःच खरं सांगितलंस अशीच नोंद करेन, असं म्हटलं होतं.

महामार्गाला लागल्यावर तो म्हणाला, "तुला कुणी विचारलं होतं, मावशी?"

"कुणी नाही."

"ती आता मला कधी भेटेल असं वाटतं तुला? मी गुन्हेगार असतो तर निदान माझ्यासाठी रडली तरी असती. आता मी समोर दिसलो की तिला काय आठवेल?"

"कुशल, खोट्या सहीवर तुझं आयुष्य..."

"माझं होतं ना?"

आपण बरोबर केलं हे लीलाताईंना पक्कं माहीत होतं. त्याचा ऊबदार असा काही उपयोग मात्र होत नव्हता.

त्याने त्यांची बॅग दारापर्यंत आणून ठेवली. वाकून नमस्कार केला, कारण तसं वळण होतं. आत आला नाही. त्या किल्ली शोधेपर्यंत गाडी वळणापलीकडे गेलीही होती.

सातच्या सुमारास फोन वाजला. ईस्टरहून परतलं की दोघी मैत्रिणींनी एकमेकींना पोचल्याचं कळवायचं, हा एकोणऐंशीपासूनचा शिरस्ता. एकही वर्ष चुकला नव्हता.

"पोचलीस?" अलकाचा आवाज.

"पोचले."

लीलाताईंनी फोन दोन्ही हातांनी धरला.

"अलका, वरदा कशी..."

"बरं," अलका म्हणाली. "तेवढंच विचारायचं होतं. यापुढे मी विचारणार नाही. तूही फोन करू नकोस."